माहुलीचा फोटो आणि पिवळा रंग
(स्नेहमेळाव्यातील भाषण)



संयोजक मला म्हणाले, "तू गड फिरतोस, फोटो काढतोस, तर माहुलीबद्दल थोडं बोल." मी लगेच हो म्हणालो. त्याला कारण आहे, ते शेवटी सांगतो.

शहापूरकरांना माहुली दाखवावा लागत नाही. वर्गाच्या खिडकीतून बाहेर बघितल्याबद्दल आपण सगळ्यांनीच बोलणी खाल्ली आहेत. शहापूरच्या बाजूने तो सकाळच्या उन्हात उजळतो आणि संध्याकाळी सूर्य त्याच्या मागे गेला की सुळक्यांची नुसती काळी रेघ उरते. म्हणून लांबून फोटो काढायचा असेल तर सकाळी लवकर निघा, तेही दिवाळीनंतर, हवा स्वच्छ असताना.

पळसगड, माहुली आणि भंडारगड असा हा तिघांचा जोडकिल्ला. उंची सुमारे २८०० फूट. कल्याणहून थळ घाटाने नाशिककडे जाणारी वाट याच मुलखातून जाते, त्यामुळे ज्याचं राज्य इथवर पोचलं त्याला हा गड हवाच असे. १६३६ साली निजामशाही वाचवण्यासाठी शहाजीराजे शेवटपर्यंत झुंजले आणि त्यांना शरण जावं लागलं ते याच गडावर. जिजाऊ आणि सहा वर्षांचे शिवबा तेव्हा सोबत होते, असं सांगितलं जातं. पुढे १६५८ मध्ये महाराजांनी गड घेतला. १६६५ च्या पुरंदरच्या तहात जे २३ किल्ले मोगलांना द्यावे लागले, त्यांत माहुली होता. फेब्रुवारी १६७० मध्ये रात्री केलेला हल्ला फसला. किल्लेदार मनोहरदास गौड सावध होता, आपली बरीच माणसं पडली. मग त्याच वर्षी जूनमध्ये मोरोपंत पिंगळ्यांनी गड जिंकला. चार महिन्यांपूर्वी जिथे माणसं गमावली, त्याच कड्यांवर पुन्हा चढणाऱ्यांच्या मनात काय असेल, हा विचार मला वर गेलो की हमखास येतो.

आता आपल्या सहलीकडे वळतो. १९८५, नववी अ. आसनगावपासून माहुली गावापर्यंत चालत. बाईंनी वाटलेल्या भाकऱ्या आणि लसणाची चटणी. माझ्याकडे मामाचा कॅमेरा होता, छत्तीसचा रोल. त्यातले अकराच फोटो धड आले. एकात आपण सगळे महादरवाजाच्या पायऱ्यांवर बसलोय.

तोच फोटो खिशात घेऊन मी या जानेवारीत गडावर गेलो. जिथून तो काढला होता ती जागा शोधून पुन्हा तसाच फोटो काढायचा होता. सोपं वाटतं, पण अर्धा तास गेला. कातळातली एक भेग जुळवली, मग पायरीचा कोपरा जुळवला, तेव्हा कुठे जागा सापडली. दोन्ही फोटो शेजारी ठेवले. जुन्या फोटोत दिसणारे भिंतीचे दोन दगड आता जागेवर नाहीत. जिथे मोकळं होतं तिथे झाड वाढलंय आणि त्याची मुळं चिऱ्यांत शिरलीत.

मग देवडीत गेलो. आत पुसट पिवळ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'नववी अ, १९८५'.

काही जण खाली बघताहेत, म्हणजे आठवलं. बैलगाडीच्या चाकांना लावायचा तो ऑइलपेंट. डबी आपल्या ज्या मित्राच्या घरची होती, तो आज तिसऱ्या रांगेत बसलाय. गड उतरल्यावर सरांनी त्याच्या बोटांना लागलेला रंग पाहिला. सगळ्यांसमोर त्याला छड्या बसल्या. सर एवढंच म्हणाले, "शत्रूने केलं नाही ते तुम्ही केलंत." त्याने कोणाचंही नाव घेतलं नाही.

सर, ब्रश माझ्या हातात होता. अक्षर माझं आहे. त्या दिवशी मी गप्प बसलो आणि पुढेही इतकी वर्षं गप्पच राहिलो. मित्रा, तुझी माफी मागायला मी आज उभा आहे, गडाची माहिती हे निमित्त.

आता तीन विनंत्या करतो.

पहिली, तो रंग कोणीही स्वतःहून खरवडायला जाऊ नका. तारेच्या ब्रशने किंवा ॲसिडने रंगाबरोबर दगडही जातो. वन खातं आणि पुरातत्त्व खातं यांच्यासाठी अर्ज लिहून आणलाय. रंग जाणकारांच्या हातून निघावा, मजुरी आणि खर्च आपली बॅच देईल, असं त्यात म्हटलंय. जेवणाआधी त्यावर सह्या करा.

दुसरी, घरातले जुने अल्बम काढा. माहुलीच नाही, मुरबाडकडच्या मित्रांनो, गोरखगड, सिद्धगड, नाणेघाट, जिथले असतील तिथले. मागे भिंत किंवा दरवाजा दिसत असेल तर आपला चेहरा कितीही वेडावाकडा आलेला असो, तो फोटो कामाचा आहे. कुठला दगड कुठे होता, हे आता तेच सांगू शकतात. मागे साल आणि जागा लिहा.

तिसरी, गडावर जाल तेव्हा माहुली गावातला वाटाड्या सोबत घ्या. शिडीपर्यंतची वाट पावसात फसवी असते, आणि गावाला दोन पैसे मिळतात.

सर, तुम्ही तेव्हा वर पोचल्यावर हजेरी घेतली होती. चाळीसपैकी चाळीस. आज तेवढे जण नाहीत. जे आहेत त्यांनी पुढच्या डिसेंबरला त्याच पायऱ्यांवर बसायचंय. फोटो मी काढीन, हजेरी तुम्ही घ्या. तुम्हाला चढणं जमणार नसेल तर पायथ्याला घ्या, आम्ही वर जाऊन येतो.

या वेळी हात स्वच्छ असतील.