पाय न टेकवता



पुण्यात ज्यांनी दुचाकीचं लायसन्स काढलं असेल, त्यांना आळंदी रस्त्यावरचं फुलेनगर आठवत असेल. जमिनीवर आखलेला इंग्रजी आठ, बाजूला कागद घेऊन उभे असलेले साहेब, आणि रांगेतल्या लोकांच्या आपल्या पायांवर खिळलेल्या नजरा. पाय टेकला की पुन्हा या. आज ज्या खेळाबद्दल मी बोलणार आहे, त्यातही पाय टेकवायचा नसतो. फक्त तिथला आठ सपाट जमिनीवर नसतो. तो ओढ्यातल्या धोंड्यांवरून, चिखलातून, झाडाच्या मुळांवरून आणि कधी कधी छातीइतक्या उंच खडकावरून काढायचा असतो.

या खेळाचं नाव ट्रायल्स. मोटरसायकलचा खेळ म्हटलं की आपल्याला धूळ, आवाज आणि वेग आठवतो. जानेवारी २०२४ मध्ये बालेवाडीच्या श्री शिवछत्रपती क्रीडा संकुलात इंडियन सुपरक्रॉस रेसिंग लीगची पहिली फेरी झाली. मातीचे उंचवटे रचले होते, त्यांवरून गाड्या हवेत उडत होत्या. ट्रायल्समध्ये यातलं जवळजवळ काहीच नाही. गाडी चालत्या माणसाच्या वेगानं जाते. दोन्ही बाजूंना फिती बांधून एक अवघड तुकडा आखलेला असतो, त्याला सेक्शन म्हणतात. एका वेळी एकानंच त्यातून जायचं. एकदा पाय टेकला, एक गुण. दोनदा टेकला, दोन. तीनदा टेकला की तीन, आणि त्यापुढे कितीही वेळा टेकला तरी तीनच. गाडी पडली किंवा फितीबाहेर गेली की पाच. हे गुण दंडाचे, तेव्हा ज्याचे सर्वांत कमी तो जिंकला. स्पेनचा टोनी बोऊ २००७ पासून २०२४ पर्यंत एकही वर्ष न चुकता जगज्जेता होता. पण आपल्याकडे त्याचं नाव कुणाला ठाऊक नाही, कारण तो जिंकतो तो हळू जाऊन.

तरी हा खेळ आपल्याला अगदीच परका नाही. आपल्या रस्त्यांवर धडधडत जाणारी बुलेट घ्या. १९४८ च्या फेब्रुवारीत इंग्लंडमधल्या एका ट्रायल्स स्पर्धेत रॉयल एनफिल्डनं मागच्या चाकाला स्प्रिंग दिलेली नवी बुलेट उतरवली. त्या काळच्या जाणकारांनी नाकं मुरडली. मागचं चाक सांगाड्याला घट्ट असलं तरच ते जमीन धरतं, अशी तेव्हाची पक्की समजूत होती. प्रत्यक्षात उलटं निघालं. स्प्रिंग असली की चाक दगडावरून उसळत नाही, चिकटून राहतं. जॉनी ब्रिटन नावाच्या स्वारानं साडेतीनशे सीसीच्या बुलेटवर स्कॉटलंडची सहा दिवसांची प्रसिद्ध ट्रायल्स १९५२ साली आणि पुन्हा १९५७ साली जिंकली. मधल्या काळात, १९५५ साली, हीच बुलेट मद्रासला तयार होऊ लागली होती. म्हणजे आपल्या फौजेच्या, पोलिसांच्या आणि पुढे गावोगावच्या पाटलांच्या हाती आलेली गाडी ही दगडधोंड्यांतून हळू चालण्यासाठी नावाजलेली गाडी होती. आपण तिला रुबाबाला लावली, हा भाग वेगळा.

मार्च २०१९ मध्ये कंपनीनं त्या जुन्या दिवसांची आठवण म्हणून बुलेट ट्रायल्स या नावानं ३५० आणि ५०० सीसीच्या गाड्या बाजारात आणल्या. वर उचललेला सायलेन्सर, एकट्याचं सीट, गोट्यांचे टायर. दिसायला देखण्या होत्या. पण वजन १८० किलोंच्या वर, आणि आजच्या खऱ्या ट्रायल्स गाडीचं वजन असतं सत्तर किलोंच्या आसपास. दिसायला ट्रायल्स, उचलायला बुलेट. २०२० मध्ये त्या बंदही झाल्या. वजनाचा निकाल या खेळात फार पूर्वीच लागला होता. १९६५ साली सॅमी मिलरनं बुल्टाको या हलक्या स्पॅनिश टू-स्ट्रोक गाडीवर तीच स्कॉटलंडची स्पर्धा जिंकली, आणि जड ब्रिटिश गाड्यांचे दिवस भरले.

मी हडपसरला राहतो. या खेळाचं नावही ऐकलं नव्हतं तेव्हापासून तो मी पाहत आलो आहे. फुरसुंगी, वडकीकडचे दूधवाले एम-एटी या दुचाकीवर दोन्ही बाजूंना किटल्या लटकवून पहाटे यायचे. जूनमध्ये काळ्या मातीचा बांध कसा होतो ते शेतकऱ्यांना सांगायला नको. त्या बांधावरून ही मंडळी पहिल्या गिअरमध्ये, हाफ क्लचवर, अंग किंचित पुढे घेऊन येत. पाय टेकवायचा म्हणजे गाडी कलंडवायची, आणि गाडी कलंडली की दूध सांडलं. त्यांना गुण द्यायला कुणी उभं नव्हतं एवढंच.

आता गाडीकडे वळू. खऱ्या ट्रायल्स गाडीला सीट जवळजवळ नसतंच, कारण बसायचंच नसतं. सगळा खेळ उभ्यानं. पेट्रोलची टाकी दोन-तीन लिटरची. हँडल इतकं वळतं की गाडी जागच्या जागी फिरावी. इंजिनात फ्लायव्हील मुद्दाम जड ठेवतात, म्हणजे इंजिन अगदी मंद फिरत असतानाही गचकन बंद पडत नाही. गाडी इतकी हळू चालते की वारा लागून इंजिन थंड होत नाही, म्हणून रेडिएटरला पंखा. आणि मागच्या टायरमध्ये हवा किती, तर चार-पाच पौंड. टायर दगडावर पसरतो, दगडाचा आकार घेतो आणि मग धरतो. आमच्याकडच्या पंपावर मी हवा भरायला नव्हे, तपासून काढून घ्यायला सांगतो, तेव्हा तिथला मुलगा माझ्याकडे जरा काळजीनंच बघतो.

अशी गाडी भारतात कुठलीही कंपनी बनवत नाही. युरोपात नवी गाडी सात-आठ हजार युरोंच्या आसपास पडते, आणि वाहतूक व आयात शुल्क धरलं की आकडा मध्यमवर्गाच्या हाताबाहेर जातो. शिवाय नोंदणी. नव्या गाड्यांच्या चाचण्या घेऊन दाखला देणारी एआरएआय ही संस्था १९६६ पासून आपल्या पुण्यातच आहे, कोथरूडच्या टेकडीवर. पण एखाद्यानं हौसेनं आणलेल्या एका गाडीसाठी तो सगळा सोपस्कार कोण करणार? आणि नोंदणी नसली की सार्वजनिक रस्त्यावर गाडी आणता येत नाही. ती छोटा हत्ती म्हणतात त्या टेम्पोत चढवायची, दोरखंडानं दोन्ही बाजूंनी आवळायची आणि न्यायची.

म्हणून आपल्याकडची हौशी मंडळी दोन वाटांनी जातात. एक वाट हीरोच्या एक्सपल्सची. २०१९ साली आलेली ही दोनशे सीसीची गाडी. पुढे २१ इंची चाक, मागे १८ इंची, जमिनीपासून उंची २२० मिलिमीटर. रस्त्यावरून चालवत नेता येते, नंबरप्लेट असते, घरचे तिला गाडी म्हणतात. पण वजन दीडशे किलोंच्या वर, त्यामुळे ट्रायल्सची तोंडओळख तेवढी होते. दुसरी वाट जुन्या, हलक्या टू-स्ट्रोक गाडीची. माझ्याकडे यामाहाची आरएक्स १०० आहे, १९८५ ते १९९६ या काळात इथे बनलेली, मुळात शंभर किलोंच्या घरातली. तिचं सीट, मडगार्ड, दिवे काढले की ती बरीच उतरते. पुढचं स्प्रॉकेट लहान आणि मागचं मोठं केलं की पहिला गिअर माणसाच्या चालीवर येतो. नाना पेठेत निम्मं सामान मिळतं. उरलेलं, म्हणजे इंजिनखालची ॲल्युमिनियमची जाड प्लेट, मागे सरकवलेले फूटरेस्ट, मोठं स्प्रॉकेट, हे रामटेकडीच्या औद्योगिक भागातल्या एखाद्या लेथवाल्याला चहा पाजत, त्याच्या शेजारी उभं राहून करून घ्यायचं. एवढे बदल केल्यावर ती कायद्यानं रस्त्याची गाडी राहत नाही. तिलाही छोटा हत्तीच.

गाडी बाळगणं म्हणजे मुख्यतः तिची निगा राखणं, आणि मला विचाराल तर चालवण्याइतकीच मजा त्यात आहे. सगळ्यात आधी एअर फिल्टर. आपल्याकडच्या मुरमाची धूळ भुकटीसारखी बारीक असते. ती सिलिंडरात गेली की पिस्टनची रिंग घासते आणि इंजिन दम टाकतं. फिल्टर स्पंजाचा असतो. तो काढून आधी डिझेलमध्ये, मग साबणाच्या कोमट पाण्यात धुवायचा. पिळायचा नाही, दाबायचा. पिळला की फाटतो. सावलीत वाळवायचा, तेलात भिजवून पुन्हा दाबून जास्तीचं तेल काढायचं. कोरडा स्पंज धूळ अडवत नाही, तेल अडवतं. प्रत्येक वेळी माळावरून आलो की हे आलंच.

मग क्लच. ड्रायव्हिंग स्कूलमध्ये हाफ क्लचवर गाडी चालवली की मास्तर ओरडतात. ट्रायल्समध्ये डाव्या हाताचं एक बोट सतत क्लचवर असतं आणि गाडीची ताकद त्या बोटानं थेंबाथेंबानं सोडायची असते. साहजिकच प्लेटा लवकर झिजतात आणि त्यांची राख गिअर ऑइलमध्ये उतरते. ऑइल काळं पडून जळकट वास आला की दुसरं लक्षण शोधायची गरज नाही. ऑइल लागतं पाऊण लिटरच्या आत, ते बदलायला कंजूषपणा करू नये. एअर-कूल्ड इंजिन असेल तर प्रत्येक सेक्शननंतर ते बंद करून थोडा वेळ उभं ठेवायचं.

तिसरी गोष्ट चाकं. दगडावरून उतरताना रिमला मार बसतो, तारा सैल होतात आणि चाक आऊट होतं. पान्याची मूठ प्रत्येक तारेवर हलकेच आपटत जायची. ताणलेली तार खणखणीत वाजते, सैल तार बद्द. हवा कमी ठेवायची तर ट्यूबच्या चाकात टायर आवळून धरणारं रिमलॉक बसवलंच पाहिजे, नाहीतर टायर रिमवर फिरतो आणि ट्यूबचा व्हॉल्व उपटून येतो. पुढच्या फोर्कमधून तेल पाझरायला लागलं तर लगेच ऑइल सील बदलू नका. पुष्कळदा सीलच्या ओठाखाली माती अडकलेली असते. जुन्या फोटोंच्या निगेटिव्हची पट्टी तिथे सरकवून फिरवली की ती बाहेर येते. घरातली निगेटिव्ह टाकून द्यायची नाहीत, याचं हे एक कारण.

राहिला प्रश्न जागेचा. हडपसरहून सासवड रस्त्यानं उरुळी देवाची, वडकी, मस्तानी तलाव मागे टाकून दिवे घाट चढला की वर उघडा माळ लागतो. नवशिक्या स्वाराला तो मोकळाच वाटतो. तो मोकळा नाही. सासवड, जेजुरीकडच्या गवताळ रानात लांडगे आहेत, आणि आणखी पूर्वेला सुप्याजवळ चिंकारा हरणांसाठी १९९७ साली मयूरेश्वर अभयारण्य झालं, अवघं पाच चौरस किलोमीटरचं. लांडग्याची मादी पिलं घालते ती बऱ्याचदा ओढ्याच्या काठाला केलेल्या बिळात, आणि ट्रायल्सवाल्याची नजरही नेमकी अशाच ओढ्याकडे जाते. गवताची मुळं एकदा चाकानं उपटली की पहिल्या पावसात माती वाहून जाते. कागदावर त्या जमिनीला कुणी पडीक म्हणो. वनखात्याच्या हद्दीत आणि गवताळ माळावर गाडी घालू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. मग आपण काय करावं? तर खाणी पाहाव्यात.

ट्रायल्सला जागा फार लागत नाही, ही गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. मोटोक्रॉस या उड्यांच्या शर्यतीला मोठं मैदान हवं. ट्रायल्सची चार-पाच सेक्शनं अर्ध्या एकरात बसतात, आणि प्रेक्षक हाताच्या अंतरावर उभे राहून बघू शकतात. आमच्यासारख्या दाटीच्या उपनगरांना परवडेल असा मोटरसायकलचा दुसरा खेळ मला तरी सुचत नाही. पुण्याभोवती, वाघोलीच्या बाजूला, दगडाच्या खाणी आहेत. काम संपलेल्या खाणीत गवत नसतं, पिलं नसतात, आणि काळा पाषाण हवा तेवढा असतो. कोरडा असताना हा दगड सॅंडपेपरसारखा टायर धरतो. पावसाळ्यात त्यावर शेवाळ चढलं की त्याच्यासारखा दगाबाज दगड नाही. पाणी साठलेली खाण मात्र नको, आणि कड्याच्या काठावरचा सुटा थर तर नकोच. जागेच्या मालकाची परवानगी लेखी घ्यावी. आवाजाची तक्रार येईल, तीही रास्त आहे. यामाहानं २०१८ साली विजेवर चालणारी ट्रायल्स गाडी स्पर्धेत उतरवली, फ्रान्समधल्या इलेक्ट्रिक मोशन कंपनीनं तर तशाच गाड्या बाजारात आणल्या. आपल्या पुणे जिल्ह्यात विजेच्या स्कूटरी बनतात. त्यांतल्या कुणा अभियंत्यानं एखादी सत्तर किलोंची, बिनसीटची गाडी करून पाहायला काय हरकत आहे?

ज्यांना हे ऐकून हुरूप आला असेल त्यांच्यासाठी थोडं. एकट्यानं कधी जाऊ नका. पाय दगड आणि गाडीच्या मध्ये अडकला तर गाडी उचलायला दुसरा माणूस लागतो. घोट्याच्या वरपर्यंत येणारे बूट आणि हेल्मेट आधी घ्या, गाडीचं सामान नंतर. आणि पहिले काही आठवडे इंजिन सुरूच करू नका. गाडीचं पुढचं चाक भिंतीला लावा, हँडल एका बाजूला पूर्ण वळवा, पुढचा ब्रेक धरून फूटरेस्टवर उभे राहा आणि गुडघे सैल सोडा. मित्राला मागे उभं करा, पण गाडीला हात लावू देऊ नका. सुरुवातीला दोन श्वासही टिकणार नाही. आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये हे करताना वॉचमन येऊन विचारतो, गाडी बंद पडली का. त्याला हो म्हणायचं आणि पुन्हा उभं राहायचं.