नसल्यास, विलंबाची कारणे काय?

(उल्हासनगर येथील महिला मेळाव्यात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



विधानसभेत आमदार सरकारला लेखी प्रश्न विचारतात, त्याचा एक ठरलेला साचा असतो. पहिला भाग, 'अमुक ठिकाणी अमुक घडले, हे खरे आहे काय?' दुसरा, 'असल्यास, शासनाने चौकशी केली आहे काय?' तिसरा, 'चौकशीत काय आढळून आले व त्यानुसार कोणती कारवाई केली?' आणि शेवटचा, 'नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?' उत्तरंही तशीच ठरलेली. 'हे अंशतः खरे आहे.' 'आरोपीस अटक करण्यात आली आहे.' 'तपास सुरू आहे.' आणि शेवटच्या प्रश्नापुढे बहुतेक वेळा तीनच शब्द असतात: 'प्रश्न उद्भवत नाही.'

मला आज त्या शेवटच्या प्रश्नाबद्दल बोलायचं आहे. सरकारच्या यादीत तो शेवटी येतो. ठाण्याच्या बाकावर बसलेल्या बाईसाठी मात्र तोच पहिला असतो.

ऑगस्ट २०२४ मध्ये इथून दोन स्टेशनं पलीकडे, बदलापूरच्या एका शाळेत चार वर्षांच्या दोन मुलींवर लैंगिक अत्याचार झाल्याचं उघड झालं. आरोपी शाळेतलाच सफाई कर्मचारी. एका मुलीचे आईवडील १६ ऑगस्टला पोलिस ठाण्यात गेले आणि गुन्हा नोंदवून घ्यायला सुमारे बारा तास लागले. २० ऑगस्टला लोक रेल्वे रुळांवर उतरले. सकाळपासून संध्याकाळपर्यंत गाड्या बंद होत्या. शेवटी लाठीमार झाला. आणि आंदोलकांवर गुन्हे दाखल झाले, ते मात्र लगेच. तिथे कुणाला बारा तास थांबावं लागलं नाही.

आता सरकारची उत्तरं बघा. ठाण्याच्या प्रमुखांसह तीन पोलिस निलंबित. विशेष तपास पथक. नामवंत विशेष सरकारी वकील. जलदगती न्यायालयात खटला. ही सगळी उत्तरं आरोपीचं काय करणार याची होती. ते बारा तास कसे गेले, मुलगी आणि तिची आई तेव्हा कुठे बसली होती, कोणी कोणाला काय सांगितलं, याचं उत्तर त्यात नव्हतं. २२ ऑगस्टला मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली, तेव्हा दुसऱ्या मुलीचा जबाबच नोंदवलेला नाही, यावर न्यायालयाने बोट ठेवलं. म्हणजे रेल्वे अडली, मंत्री आले, पथक नेमलं, तरी साधं कागदावरचं काम मागेच होतं.

एक गोष्ट आपल्याला अवघड वाटली तरी बोलली पाहिजे. त्या ठाण्याच्या प्रमुख एक महिला अधिकारी होत्या. 'ठाण्यात बायका हव्यात' ही आपली जुनी मागणी, आणि ती चुकीची नाही. पण खुर्चीत बाई बसवली की ठाण्याची रीत बदलत नाही. जे ठाणं तक्रार टाळायला शिकलेलं आहे, ते वर्दीतल्या बाईलाही तेच शिकवतं.

या शहराला हे नवं नाही. मार्च १९९० मध्ये याच उल्हासनगरात दहावीच्या परीक्षेला बसलेल्या रिंकू पाटीलला परीक्षा केंद्रात जिवंत जाळलं. त्याला 'एकतर्फी प्रेम' म्हणायची पद्धत होती. त्यात प्रेम कुठेच नव्हतं. पुढे १९९३ मध्ये राज्य महिला आयोग आला, १९९४ मध्ये महिला धोरण आलं, २०१२ मध्ये पोक्सो कायदा आला. यातलं काहीही आपल्याला फुकट मिळालेलं नाही, रस्त्यावर उतरून मिळवलं आहे. डिसेंबर २०२१ मध्ये तर विधिमंडळाने फाशीची तरतूद असलेलं शक्ती विधेयक मंजूर केलं. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्यामुळे त्याचा कायदा झाला नाही. दर वेळी उत्तर मोठं होत गेलं. पण ठाण्यातलं बाकडं तिथेच राहिलं.

त्या बाकड्यावर जी जी बसली आहे तिला वाक्यं पाठ आहेत. 'साहेब बंदोबस्ताला गेलेत.' 'ही आमची हद्द नाही.' 'लेडीज स्टाफ आत्ता नाही, उद्या या.' 'मुलीची बदनामी होईल ताई, विचार करा.' यातलं एकही कारण कायद्यात बसत नाही.

आणि मग सगळ्यात मोठं उत्तर आलं. २३ सप्टेंबर २०२४ ला बदलापूर प्रकरणातला आरोपी तळोजा तुरुंगातून नेताना मुंब्रा बायपासजवळ पोलिस गाडीत गोळी लागून मेला. त्याने पिस्तूल हिसकावलं, असं पोलिसांनी सांगितलं. मुंबईत 'बदला पुरा' असे फलक लागले. आपल्यातल्याही काहीजणींनी तेव्हा सुटकेचा श्वास टाकला, हे मला माहीत आहे आणि त्यांना मी दोष देत नाही. चार वर्षांच्या मुलीचं ऐकून कोणाचं रक्त उसळणार नाही? पण जानेवारी २०२५ मध्ये दंडाधिकाऱ्यांच्या चौकशी अहवालाने या मृत्यूला पाच पोलिसांना जबाबदार धरलं, आणि एप्रिल २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने याचा तपास विशेष पथकाकडे देण्याचे आदेश दिले.

मेलेल्या माणसावर खटला चालत नाही. त्या मुली जे सांगत होत्या ते न्यायालयाने ऐकून 'होय, हे घडलं' असं म्हणायचं होतं, ते आता त्याच्या बाबतीत कधीच होणार नाही. आणखी कोणाला माहीत होतं, कोणी दडपलं, हे त्याच्या उलटतपासणीत कदाचित निघालं असतं, तेही गेलं. आपली चळवळ उभी राहिली ती मथुरेच्या प्रश्नावर. १९७२ मध्ये देसाईगंजच्या पोलिस ठाण्यात त्या आदिवासी मुलीवर पोलिसांनी बलात्कार केला, आणि सर्वोच्च न्यायालयाने पुढे त्या पोलिसांना सोडलं. पोलिसांच्या ताब्यात जे घडतं त्याचा जाब पोलिसांनी दिलाच पाहिजे, हे तेव्हा आपण म्हटलं. ताब्यातल्या माणसाचं नाव आवडत नाही म्हणून ते आज सोडून देता येणार नाही. जाब न देणारं पोलिस दल उद्या आपल्याच वस्तीतल्या पोराला उचलतं, आणि आपल्याच मुलीची तक्रार फाडतं.

मग करायचं काय? विलंबाचा हिशेब मागायचा, आणि लेखी मागायचा.

पहिलं, तक्रार लेखी न्या, दोन प्रतींत. पोच घ्या, तीवर तारीख आणि वेळ घालून घ्या. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू आहे. तिच्या कलम १७३ नुसार दखलपात्र गुन्ह्याची माहिती कुठल्याही ठाण्याला, हद्द न बघता, घ्यावी लागते. नोंदीची प्रत फुकट मिळते. नकार दिला तर तक्रार वरिष्ठांकडे लेखी पाठवता येते. आपल्यासाठी उल्हासनगर परिमंडळाचे पोलिस उपायुक्त. तिथेही ऐकलं नाही तर दंडाधिकारी.

दुसरं, बलात्कार, विनयभंग, अॅसिड हल्ला अशा गुन्ह्यांची माहिती नोंदवून न घेणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १९९ खाली स्वतःच गुन्हा आहे. शिक्षा कमीत कमी सहा महिने सक्तमजुरी. हे कलम नम्रपणे, पण मोठ्याने वाचून दाखवा.

तिसरं, मूल असेल तर पोक्सोचं कलम २४. जबाब मुलाच्या घरी किंवा त्याला बरं वाटेल तिथे, शक्यतो महिला उपनिरीक्षकाने, वर्दी न घालता घ्यायचा. मुलाला रात्री ठाण्यात ठेवायचं नाही. आणि संस्थाप्रमुखाने आपल्या हाताखालच्याचा गुन्हा लपवला तर कलम २१ खाली तोही आरोपी. बदलापूरच्या शाळेच्या दोघा विश्वस्तांना ऑक्टोबर २०२४ मध्ये अटक झाली, ती याच कायद्याखाली.

चौथं, कॅमेरा. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्ये प्रत्येक ठाण्यात कॅमेरे लावायला आणि चित्रण किमान एक वर्ष जपायला सांगितलं आहे. आई किती वाजता आत आली आणि किती वाजता बाहेर पडली, ते त्यात असतं. ते जपून ठेवा असा अर्ज त्याच आठवड्यात द्या. माहिती अधिकारात ठाण्याच्या दैनंदिनीतल्या नोंदीही मागा.

शेवटी एक सूचना. आपल्या प्रत्येक गटाने एक साधी वही ठेवावी. कोणती बाई, कोणत्या ठाण्यात, किती वाजता गेली, नोंद किती वाजता झाली. नाव नको, वेळ हवी. वर्षभराने उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरच्या वह्या एकत्र करू आणि आपल्या आमदारांच्या हातात देऊ. ते सभागृहात विचारतील, 'हे खरे आहे काय?' तेव्हा शेवटच्या ओळीत 'प्रश्न उद्भवत नाही' लिहिणं सरकारला जड जाईल. प्रश्न उद्भवला आहे, आणि त्याच्या वेळा आपल्याकडे लिहिलेल्या आहेत.