ओढ्याच्या काठाने वर



गणपती गावाला गेले, की नाशिकच्या पश्चिमेकडच्या डोंगरांत चालण्याचे खरे दिवस सुरू होतात. श्रावणातला धुवाधार पाऊस ओसरलेला असतो. ओढ्यांचं गढूळ पाणी निवळतं, पण धार अजून भरलेली असते. या दिवसांत आजीआजोबांपासून पहिलीतल्या नातवापर्यंत घरातल्या सगळ्यांनी मिळून एखाद्या ओढ्याच्या काठाने सावकाश चालून यावं, असा आग्रह मी आज तुम्हांला करणार आहे.

सहकुटुंब डोंगर चालणं आपल्याला नवं नाही. विठ्ठलपंत मुलाबाळांना घेऊन ब्रह्मगिरीच्या प्रदक्षिणेला निघाले, वाटेत वाघ आडवा आला, पांगापांग झाली आणि निवृत्तिनाथ गहिनीनाथांच्या गुहेत पोहोचले, ही कथा आपण लहानपणापासून ऐकतो. ब्रह्मगिरीची फेरी आजही श्रावणी सोमवारी हजारो पावलं चालतात. मी सांगतो ती वाट त्याहून पुष्कळ सोपी आहे.

नाशिकहून त्र्यंबकेश्वरच्या रस्त्याने सुमारे वीस किलोमीटरवर अंजनेरी गाव लागतं. मागे सुमारे तेराशे मीटर उंचीचा अंजनेरीचा डोंगर. माथ्यावर अंजनीमातेचं मंदिर आहे आणि हनुमानाचा जन्म इथला, अशी श्रद्धा आहे. बहुतेकांना माथा गाठायची घाई असते. लहान मुलं आणि वडीलधारी माणसं बरोबर असतील, तर माथ्याचं नावच काढू नका. पायथ्याच्या भातखाचरांमधून निघा, वाहत्या पाण्याच्या कडेकडेने चढ हलका आहे तोवर वर जा, सावलीत बसून भाकरी-ठेचा खा आणि परत फिरा. ज्याचे गुडघे दुखतात त्याने पहिल्याच झाडाखाली बसावं. त्याचीही सहल पुरी होते.

आता पाण्याकडे नीट पाहा. पाऊस थांबून चार दिवस झाले, तरी ओढा वाहतो आहे. हे पाणी येतं कुठून? आपला सह्याद्री सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थर एकावर एक साचून तयार झाला. काही थर घट्ट, काही भेगाळ आणि सच्छिद्र. दोन थरांच्या मध्ये कुठे कुठे गेरूसारखा तांबडा पट्टा दिसतो, तो मुलांना जरूर दाखवा. पावसाचं पाणी भेगांतून खाली मुरतं, घट्ट थर लागला की आडवं सरकतं आणि उतारावर झरा होऊन बाहेर पडतं. असे झरे मिळून ओढा होतो. वरचं गवत, झाडं आणि माती जितकी शाबूत, तितकं पाणी जास्त मुरतं आणि ओढा जास्त दिवस टिकतो. डोंगर उघडा पडला, तर तेच पाणी माती घेऊन एका दिवसात निघून जातं.

मुलांच्या हातात थोडं काम द्या. सरळ वाहणाऱ्या पाण्यात एक पान सोडा, काठाने वीस पावलं मोजा आणि पानाला तिथवर यायला किती वेळ लागतो ते घड्याळात बघा. प्रवाहाचा वेग काढायची ही पहिली रीत झाली. उथळ पाण्यातला एखादा लहान दगड अलगद उलटा. खाली चतुराची पिल्लं दिसतील, बोटाएवढा खेकडा तिरका पळेल. पाहून झालं, की दगड होता तसाच ठेवा, कारण कुणाचं तरी घर त्याच्या पोटाशी आहे. काठावर तेरडा फुललेला असतो, सोनकीचा पिवळा रंग नुकता पसरू लागतो. याच डोंगरावर सापडलेल्या एका कंदीलपुष्पाच्या जातीला वनस्पतिशास्त्रज्ञांनी २००६ साली अंजनेरीचंच नाव दिलं. कड्यांवर लांब चोचीची गिधाडं घरटी करतात. म्हणूनच २०१७ साली अंजनेरीला संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा मिळाला. फूल पाहावं, फोटो काढावा, पण तोडू नये, एवढी शिस्त मुलांना तिथेच लागते.

आणि मग त्यांना सांगा, हे पाणी पुढे कुठे जातं. या भागातले ओढे गोदावरीला मिळतात. गोदावरी गंगापूर धरणात येते आणि तिथून नाशिकच्या नळाला. उरलेली नदी पैठणचं जायकवाडी भरून, एकूण १४६५ किलोमीटरचा प्रवास करून बंगालच्या उपसागराला मिळते. पण याच त्र्यंबकच्या डोंगरांतून दुसरी एक नदी निघते, वैतरणा. ती पश्चिमेला वळून अरबी समुद्राला जाते. तिच्यावरच्या अप्पर वैतरणा, मध्य वैतरणा आणि मोडकसागर या धरणांचं पाणी मुंबई पिते. एकाच डोंगररांगेवर पडलेल्या पावसाचे दोन थेंब असे दोन समुद्रांना जातात आणि वाटेत दोन महानगरांची तहान भागवतात. भूगोलाच्या पुस्तकातला ‘जलविभाजक’ मुलं विसरतील, पण डोंगराकडे बोट दाखवून सांगितलेली ही गोष्ट त्यांच्या लक्षात राहील.

थोडं काळजीचंही बोलतो. भर पावसात ओढ्यात उतरू नका. आपल्या डोक्यावर ऊन असलं, तरी वर माथ्यावर सर कोसळत असू शकते. पाण्याचा रंग अचानक गढूळ झाला, काटक्या-पाचोळा वाहून येऊ लागला किंवा आवाज वाढला, की सामान सोडून आधी उंचावर जा. ऑगस्ट २०२२मध्ये त्र्यंबकजवळच्या दुगारवाडी धबधब्यावर पाणी असंच एकाएकी वाढलं आणि पर्यटक पलीकडे अडकून पडले. पाणी चढलेलं असताना ओढा ओलांडायचा नाही, थांबायचं. शेवाळलेल्या खडकावर चप्पल टिकत नाही, पकड असलेले बूट घाला. निघण्यापूर्वी वनविभागाच्या नाक्यावर आणि गावकऱ्यांकडे चौकशी करा. कुठलं पाणी केव्हा चढतं, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नसतं. भातखाचरातून जाताना बांधावरूनच चाला.

रामकुंडावर आपण हात जोडतो, गोदामाईची आरती करतो. ती भक्ती खरीच आहे. पण नदीचं आरोग्य ठरतं ते वर, या ओढ्यांमध्ये. तिथे टाकलेली प्लॅस्टिकची बाटली आणि चिवड्याचं रिकामं पाकीट पुढच्या पावसात गंगापूरच्या जलाशयाकडे निघतं. तिथला डोंगर खणला, झाडं तोडली, तर त्याची किंमत खालचं शहर मोजतं. ज्या मुलाने ओढ्याचं थंड पाणी पायाला लावून घेतलं आहे, झरा खडकातून फुटताना पाहिला आहे, ते मूल उद्या मोठं झाल्यावर त्या डोंगराच्या बाजूने बोलेल. ज्याने नदी फक्त पुलावरून पाहिली, त्याच्याकडून ही अपेक्षा कशी करावी?

म्हणून येत्या रविवारी घरच्यांना घेऊन निघा. सोबत पाणी, भाकरी आणि एक रिकामी पिशवी घ्या. आपला कचरा त्या पिशवीतून घरी आणा, आणि वाटेत दुसऱ्याचा दिसला तर तोही उचला.