फळीवरची शिकवणी
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला येथे उभे केले आहे ते समुद्रात उभे राहण्याच्या माझ्या खटपटीविषयी बोलायला. या खेळाला सर्फिंग म्हणतात. लांबलचक फळीवर उभे राहून लाटेबरोबर किनाऱ्याकडे यायचे. माझ्या साठीला दोन वर्षे उरली आहेत, तेव्हा हसायचे असेल तर आताच हसून घ्या!

लेक-जावई कॅलिफोर्नियात असतात. फेब्रुवारीत आठ दिवसांसाठी ते मला मध्य अमेरिकेतील कोस्टा रिका या देशात घेऊन गेले. देश लहान, पण १९४८ साली त्याने आपले सैन्यच बरखास्त केले. त्याच्या पॅसिफिक किनाऱ्यावर, निकोया द्वीपकल्पात, सामारा नावाचे शांत गाव आहे. पहाटे झाडांवरची माकडे अशी डरकाळ्या फोडतात की पहिल्या दिवशी मी वाघच समजले. दुपारच्या ताटाला ‘कासादो’ म्हणतात: भात, काळ्या घेवड्याची उसळ, कोबीची कोशिंबीर, राजेळीसारख्या केळ्याच्या तळलेल्या फोडी आणि मासा. कासादो म्हणजे लग्न झालेला! नाव कसे पडले ते आपणास सांगायला नको.

नवशिक्यांना हा किनारा बरा, कारण उपसागराच्या तोंडाशी खडकांची रांग आहे. मोठ्या लाटा तेथेच फुटतात आणि आत येतो तो मवाळ फेस. तळाला वाळू, उतारही बेताचा.

हे सारे मला लेकीने समजावले, तरी मी नाहीच म्हणत होते. माझे माहेर गुहागरकडचे. मी नऊ वर्षांची असताना माझा थोरला भाऊ समुद्रात बुडाला. त्यानंतर आईने आम्हा बहिणींना घोट्याच्या वर पाणी लागू दिले नाही. समुद्राच्या गाजेत झोपलेली मुलगी मी, पण पोहायला शिकले ती चाळिशीनंतर, शहरातल्या तलावात.

शिकवायला गावातलीच एक तरुण मुलगी होती. पहिला अर्धा तास कोरड्या वाळूवरच गेला. पालथे पडायचे, हात छातीशी टेकायचे आणि ‘आरिबा!’, म्हणजे ‘वर!’, म्हटले की उठायचे. माझे गुडघे स्पॅनिश समजेनात. पण तिने पडायचे कसे हे आधी शिकवले, ते मला फार आवडले. उथळ पाण्यात पाय रोवून उडी मारायची नाही, अंग पसरून पडायचे. वर येताना हात डोक्यावर धरायचे. लाट आणि आपण यांच्यामध्ये फळी कधीही येऊ द्यायची नाही. आणि चालताना पाय वाळूत घासत चालायचे, म्हणजे तळाशी दडलेला पाकट मासा आधीच पळतो. फळी नऊ फुटांची, वरून मऊ, दोरीने घोट्याला बांधलेली. पोशाखाची मला मोठी काळजी होती. परंतु लांब बाह्यांचा सदरा नि पायघोळ विजार चालते. कोणी ढुंकूनही पाहात नाही.

तिसऱ्या दिवशी ओहोटी लागली होती. फळीवरून घसरले आणि पाय टेकेना. पाणी मला बाहेर ओढू लागले. किनाऱ्यावर लेक ओरडत होती ते दिसत होते, ऐकू येत नव्हते. मला भाऊ आठवला. त्यालाही असेच ओढले असेल, आणि तो सरळ किनाऱ्याकडे हात मारीत दमला असेल, हे मला त्या क्षणी प्रथमच कळले. ओढीशी भांडू नका, किनाऱ्याला समांतर जा, असे त्या मुलीने पहिल्याच दिवशी वाळूत रेघ ओढून दाखवले होते. मी फळीवर पालथी पडले आणि आडवी वल्हवत गेले. थोड्याच अंतरावर ओढ संपली. तोवर ती येऊन पोहोचलीच होती. दोघी फेसाबरोबर परत आलो. मी वाळूत बसून पुष्कळ रडले. पोरगी काही न बोलता शेजारी बसून राहिली.

पाचव्या दिवशी मी उभी राहिले. किती वेळ? तोंडाने ‘अगबाई’ म्हणेपर्यंत.

त्या रात्री आईला फोन केला. ती चौऱ्याऐंशीची आहे. समुद्र कसा आहे म्हणाली. मी म्हटले, निळा आहे, पाणी कोमट आहे. जरा थांबून तिने विचारले, “फार आत गेली नव्हतीस ना?”

“छे गं,” मी म्हणाले, “घोट्यापर्यंतच.”