चालायला ऊर्जा का लागते?



आज पदवी घेणाऱ्या तुमच्यापैकी काही जण काल संध्याकाळी भेटले. रोबोटिक्समध्ये एवढ्या कंपन्या आल्यात, मग विद्यापीठात राहून संशोधन कशासाठी करायचं, असं बहुतेकांनी विचारलं. पैशाचा हिशेब मांडला तर हे विचारणं रास्त आहे. पीएचडीला पाच-सहा वर्षं जातात. कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती दरमहा ३७,००० रुपये आहे, आणि तुमच्यातल्या कित्येकांना पहिल्याच नोकरीत याहून जास्त मिळेल. घरावर कर्ज असेल, धाकट्या भावंडांची शिक्षणं व्हायची असतील, तर आधी नोकरी धरा. त्यात कमीपणा काहीच नाही. पण ज्यांच्या हातात निवड आहे, त्यांना मी आज एका प्रश्नाची हकिकत सांगणार आहे. सपाट जमिनीवर चालताना आपण वर चढत नाही, खाली उतरत नाही, वेगही वाढवत नाही. मग ऊर्जा जाते कुठे?

१९८०च्या दशकात कॅनडातल्या सायमन फ्रेझर विद्यापीठात टॅड मॅकगीर नावाचा अभियंता हा प्रश्न घेऊन बसला. त्याचं शिक्षण विमानविद्येचं. उतारावर ठेवलं की आपोआप पावलं टाकत खाली जाणारी खेळणी एकोणिसाव्या शतकापासून होती, त्यांची पेटंटंही घेतलेली होती. मॅकगीरने त्यांच्यामागचं गणित मांडलं आणि मग स्वतः पाय बनवले. मोटर नाही, बॅटरी नाही, संगणक नाही. हलक्या उतारावर ठेवून सोडले की ते पाय चालत जात. १९९०मध्ये त्याने हे काम प्रसिद्ध केलं.

यातली मेख नीट समजून घ्या. जमिनीवर टेकलेला पाय म्हणजे उलटा लंबक. शरीर त्याच्यावरून कमानीसारखं पुढे जातं. हवेतला पाय म्हणजे साधा लंबक. तो स्वतःच्या वजनाने पुढे झुलतो. या दोन्ही हालचाली जवळजवळ फुकट होतात. ऊर्जा जाते ती मुख्यतः टाच जमिनीवर आपटते त्या क्षणी. उतारावर गुरुत्वाकर्षण ती भरून देतं. सपाटीवर ती आपल्याला भरावी लागते. तेव्हा खरा प्रश्न असा, की ती कधी भरायची आणि कुठून?

त्या काळचे चालणारे रोबो वेगळ्या विचाराने बनत. प्रत्येक सांध्याने प्रत्येक क्षणी किती कोनात असायचं हे आधी ठरवायचं आणि मोटरने तो सांधा तिथे धरून ठेवायचा. चाल दिसायला सुरेख, पण पाय स्वतःहून झुलायला निघाला तरी मोटर त्याला अडवते, आणि त्या अडवण्यालाही वीज लागते. होंडाचा असिमो जगभर कौतुकाचा विषय झाला, आणि ते कौतुक रास्तच होतं. मात्र तेवढंच वजन तेवढंच अंतर नेण्याचा खर्च धरला तर त्याला माणसाच्या दहापटीहून जास्त ऊर्जा लागते, असा अंदाज २००५मध्ये 'सायन्स'मध्ये छापून आलेल्या निबंधात आहे.

तो निबंध लिहिणाऱ्यांपैकी एक अँडी रुइना. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात त्यांनी मॅकगीरचा प्रश्न पुढे नेला. १९९८मध्ये त्यांनी आणि मायकेल कोलमन यांनी एक छोटं खेळणं दाखवलं. ते चालतं, पण एका जागी उभं राहू शकत नाही. थांबलं की पडतं. तोल आधी आणि चाल नंतर, असं आपण गृहीत धरतो. त्या खेळण्याने हे गृहीतकच खोडून काढलं. २००१मध्ये स्टीव्हन कॉलिन्स या विद्यार्थ्याने गुडघे आणि हात असलेला, पण मोटर नसलेला चालणारा सांगाडा बनवला. २००५पर्यंत कॉर्नेल, डेल्फ्ट आणि एमआयटी या तीन विद्यापीठांत असे सांगाडे थोडीशी ऊर्जा घेऊन सपाटीवर चालू लागले होते.

मग कॉर्नेलमध्येच आला रेंजर. सुमारे दहा किलो वजनाचा, मीटरभर उंचीचा रोबो. पाय चार, पण आतली जोडी एकत्र हलते आणि बाहेरची जोडी एकत्र, म्हणून गणिताच्या दृष्टीने तो दोन पायांचाच. गुडघे नाहीत. वळवायला बाजूने कोणीतरी रिमोट घेऊन चालावं लागे. १ आणि २ मे २०११ला हा रोबो कॉर्नेलच्या बार्टन हॉलमधल्या धावपट्टीवर एकदाच भरलेल्या बॅटरीवर ६५.२ किलोमीटर चालला. ३० तास ४९ मिनिटं. एक लाख ८६ हजारांवर पावलं, आणि एकदाही न पडता. सरासरी १६ वॉट, म्हणजे एका एलईडी दिव्याइतकी वीज.

हे जमलं कशामुळे? झोपाळ्याला नेमक्या क्षणी दिलेला हलका धक्का जे काम करतो, ते अवेळी दिलेल्या जोरदार धक्क्याने होत नाही. रेंजरच्या घोट्यातली मोटर मागच्या पायाने जमिनीला रेटा देते तो पुढची टाच टेकण्याच्या सुमारास. आर्थर कुओ या संशोधकांनी २००२मध्ये सगळ्यात साध्या गणिती प्रतिरूपावर दाखवलं होतं की टाच टेकण्याच्या ऐन आधी दिलेला हा रेटा, कंबरेतून जोर लावून चालण्यापेक्षा चौपट स्वस्त पडतो. शिवाय रेंजरचं नियंत्रण क्षणोक्षणी ढवळाढवळ करत नव्हतं. पावलात एक-दोनदा पाहायचं, जरूर तेवढी दुरुस्ती करायची, एरवी शरीराला झुलू द्यायचं. रेंजरबद्दलच्या शोधनिबंधाच्या लेखकांत पहिलं नाव गोवा विद्यापीठातून पदवी घेऊन गेलेल्या विद्यार्थ्याचं आहे. तुमच्यासारख्याच एका वर्गातून तो तिथे पोचला.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे येते. रेंजर कोणत्याही कंपनीने बनवला नसता. त्याला जिना चढता येत नाही, ओझं वाहता येत नाही, स्वतःहून वळताही येत नाही. विकत कोण घेणार? तो बनला एक गोष्ट तपासून पाहायला: चालण्याचं जे गणित आपण मांडलं, ते खऱ्या जमिनीवर, खऱ्या तारा आणि खऱ्या गिअरसह टिकतं का? एक सोल्डर सुटला असता, एक वायर घासून तुटली असती, तर गणित बरोबर असूनही रोबो आडवा झाला असता. म्हणून मी माझ्या विद्यार्थ्यांना सांगते की कार्यशाळेतलं काम मदतनिसावर सोपवू नका. लाखभर पावलं न पडता चालणारं यंत्र ज्या हातांनी जोडलं, त्यांना त्या यंत्राबद्दल जे कळतं ते सिम्युलेशनमध्ये कळत नाही. कंपन्यांमध्ये उत्तम काम चालतं, तिथे माझे कितीतरी विद्यार्थी आहेत आणि मला त्यांचा अभिमान आहे. पण एकाच प्रश्नावर, विक्रीचा विचार न करता, वीस वर्षं बसायची मुभा मुख्यतः विद्यापीठ देतं. ही मुभा मोलाची आहे. ती कमी होत चालली असेल तर आपण तिच्यासाठी भांडलं पाहिजे.

आणि असा प्रश्न एका जागी राहत नाही. मॅकगीर पुढे मानवरहित विमानांकडे वळला. १९९८मध्ये त्याच्या चमूच्या छोट्या विमानाने सहा लिटरांहून कमी इंधनात, २७ तासांच्या आत, अटलांटिक ओलांडला. रुइना आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११मध्ये सायकलबद्दलची जुनी समजूत तपासली. त्यांनी अशी सायकल बनवली की चाकांच्या फिरण्याचा तोल सावरायला उपयोग होऊ नये आणि पुढच्या चाकाच्या मांडणीचाही होऊ नये. तरी ती स्वाराशिवाय तोल सावरत गेली. कॉलिन्स वळला माणसाच्या पायाकडे. २०१५मध्ये त्याने आणि सहकाऱ्यांनी घोट्यावर बांधायचं एक साधन 'नेचर'मध्ये मांडलं. त्यात मोटर नाही, बॅटरी नाही. एक स्प्रिंग आणि एक क्लच, बस्स. आपली पोटरी नुसतं ताणून धरायलाही ऊर्जा खाते. स्प्रिंगला धरून ठेवायला काहीच लागत नाही. पाय टेकला की क्लच स्प्रिंगला अडकवतो, पाय उचलला की सोडतो. या एवढ्याने चालण्याचा खर्च सुमारे ७ टक्क्यांनी उतरला. लाखो वर्षांच्या उत्क्रांतीने घडवलेल्या चालीत सुधारणेला जागा होती, आणि ती एका स्प्रिंगने दाखवून दिली! माझ्या क्षेत्रातल्या ज्या कामांनी मला सर्वांत जास्त आनंद दिला, त्यांत हे काम फार वर आहे.

याच धाग्यातला एक जुना शोध तुम्हाला सांगायलाच हवा. १९८६मध्ये केनियातल्या लुओ आणि किकुयु स्त्रियांच्या चालीचं मापन झालं. स्वतःच्या वजनाच्या २० टक्क्यांपर्यंतचं ओझं त्या वाहतात आणि त्यासाठी त्यांच्या शरीराला जास्तीची ऊर्जा लागत नाही, असं दिसलं. १९९५मध्ये त्याचं कारण पुढे आलं: ओझं घेतल्यावर त्यांचा तो उलटा लंबक आणखी चोख चालतो. रोबोटिक्सवाले ज्याच्यासाठी धडपडत होते, ते या बायकांच्या पावलांत होतं.

हे वाचलं की मला आपला गाळप हंगाम आठवतो. बीडकडून नवरा-बायकोचा कोयता, म्हणजे ऊसतोडीची जोडी, कारखान्याच्या हद्दीत जातो. बाई मोळी डोक्यावर घेते, तीस-चाळीस किलोची, आणि फळीवरून ट्रकवर चढते, दिवसभर. हे ओझं स्वतःच्या वजनाच्या २० टक्क्यांच्या कितीतरी पुढचं आहे, आणि वाट चढाची आहे, जिथे लंबकाचा फारसा उपयोग उरत नाही. या बायकांच्या आरोग्याचे हाल किती आहेत, ते २०१९मध्ये गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची चौकशी सरकारला करावी लागली तेव्हा सगळ्या राज्याने पाहिलं. ऊस तोडणारं मोठं यंत्र बाजारात आहे, पण ते रुंद सरी आणि मोठं रान मागतं, आणि ते आलं की या कुटुंबांचा रोजगार जातो. डोक्यावरची मोळी आणि हे मोठं यंत्र, या दोहोंच्या मधलं काही आपण शोधलंय का? मोळी फळीवरून वर नेण्यासाठी एखादं हलकं साधन, टोळीच्या मुकादमाला परवडणारं, शेतात दुरुस्त होणारं? कंबरेवरचा भार नेमका कोणत्या क्षणी सर्वांत जास्त असतो, हे आधी मोजावं लागेल. त्या मापांशिवाय बनवलेलं कोणतंही यंत्र अंदाजपंचे असेल.

ही मापं घ्यायची उपकरणं आमच्या विभागात आहेत: बुटात घालायच्या दाबपट्ट्या, सांध्यांचे सेन्सर, श्वासातला ऑक्सिजन मोजणारं यंत्र. शेतात काम करायची, टोळीबरोबर पहाटे निघायची आणि त्या बायकांची परवानगी मागून, त्यांना सगळं समजावून मापं घ्यायची ज्यांची तयारी आहे, अशा दोन-तीन जणांची मला गरज आहे. यंत्र, विद्युत, संगणक, कोणतीही शाखा चालेल. शिष्यवृत्तीचा अर्ज कसा करायचा ते मी सांगेन. हंगाम दिवाळीच्या सुमारास सुरू होतो, तेव्हा त्याआधी महिनाभर तरी भेटा.