कायदा नवा, संस्था जुनी
(कार्यकर्ता मेळाव्यात केलेले भाषण)



आम्ही बँकेत कारकुनी करणारी माणसे, कायद्याचे पंडित नव्हे. पण संस्थांची खाती आमच्या हाताखालून जातात. त्यामुळे कायद्याची झळ कोठे बसते ते आम्हांस जवळून दिसते.

काही वर्षांपूर्वी एका जुन्या मंडळाचा धनादेश आमच्याकडे आला. सही नव्या अध्यक्षांची होती. बँकेच्या नोंदीत आणि धर्मादाय कार्यालयाच्या उताऱ्यावर मात्र दिवंगत अध्यक्षांचेच नाव. नऊ वर्षांत एकही बदल अर्ज गेलेला नव्हता. तो धनादेश आम्हीच परत केला. रक्कम वसतिगृहातील मुलांच्या धान्याची होती. मंडळ प्रामाणिक, हिशेब चोख. कमी पडला तो कागद.

कार्यकर्ते म्हणाले, "संस्था जुनी आहे, हे नियम आम्हांला कसे लागू?" हाच आजचा विषय.

नवा कायदा जुन्या संस्थेला तीन प्रकारे गाठतो.

पहिला प्रकार, व्याख्येने. संस्था नोंदणी कायदा १८६० चा. पुढे १९५० साली मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा आला. धार्मिक वा धर्मादाय हेतूने नोंदलेली संस्था म्हणजे सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था, असे त्याने ठरविले. आधीपासूनच्या संस्थांनाही अर्जासाठी तीन महिने दिले. बाबासाहेबांनी स्थापन केलेली पीपल्स एज्युकेशन सोसायटी १९४५ ची, भारतीय बौद्ध महासभा १९५५ ची. एक कायद्याआधीची, दुसरी नंतरची. पण अशा संस्थांत कायदा जुनी-नवी असा भेद करीत नाही. म्हणूनच आपल्याकडे संस्थांना दोन नोंदणी क्रमांक असतात.

दुसरा प्रकार, मान्यतेने. १९५६ च्या कंपनी कायद्यात कलम २५ खाली ना-नफा कंपन्या निघत. २०१३ च्या कायद्यात त्या जागी कलम ८ आले. जुन्या कंपन्या मोडून पुन्हा काढाव्या लागल्या नाहीत. 'कंपनी' या व्याख्येतच आधीच्या कायद्याखालील कंपन्या धरल्या गेल्या. अस्तित्व तेच राहिले, नियम मात्र नवे आले.

तिसरा प्रकार सर्वांत कठीण, तो म्हणजे पुन्हा अर्ज. आयकरातील सवलतीची नोंदणी पूर्वी एकदा मिळाली की चालू राही. १ एप्रिल २०२१ पासून जुन्या संस्थांनाही नव्याने अर्ज करावा लागला आणि नोंदणीला मुदत आली. येथे नुसते जुने असणे उपयोगी पडत नाही. तारीख चुकली की सवलत धोक्यात येते.

तात्पर्य, नवा कायदा जुन्या संस्थेला सहसा मारीत नाही. पण झोपूही देत नाही.

म्हणून तीन गोष्टी करू. विश्वस्त बदलले की ९० दिवसांच्या आत बदल अर्ज देऊ. स्थावर मालमत्ता विकण्यापूर्वी धर्मादाय आयुक्तांची परवानगी घेऊ. तिच्याविना केलेला व्यवहार कायद्याने टिकत नाही. आणि आयकर नोंदणीची मुदत कार्यालयाच्या भिंतीवर ठळक लिहून ठेवू.

विद्यार्थी मित्रहो, दरवर्षी तुमच्यापैकी दोघांनी चिटणिसांजवळ बसून संस्थेची घटना व उतारा वाचावा. ज्येष्ठांनी वर्गणी गोळा करून संस्था उभी केली. तिचे कागद जिवंत ठेवणे हे शिकलेल्यांचे काम आहे. परत आलेला धनादेश पुन्हा पाहण्याची पाळी आम्हांवर न येवो.

जयभीम!