सोन्यावाचून दागिना

(स्त्री-गटांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचं संपादित शब्दांकन)

विषय जाहीर झाला तेव्हा तुमच्यापैकी काहीजणींनी एकमेकींकडे पाहिलं, ते मला दिसलं. पाणी, रेशन, पोटगी, मारहाण हे सगळं बाजूला ठेवून आज दागिन्यांवर भाषण? शंका रास्त आहे. पण दागिन्याइतकी बाईच्या अंगाला चिकटलेली दुसरी कोणती वस्तू आहे, सांगा बरं. कळायला लागण्याआधी आपले कान टोचले जातात. लग्नात गळ्यात मंगळसूत्र येतं, पायात जोडवी येतात. आणि नवरा गेला की तेच दागिने चारचौघींसमोर काढून घेतले जातात, बांगड्या फोडल्या जातात. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये या प्रथेविरुद्ध ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर गावांनीही तसं करावं म्हणून परिपत्रक काढलं. दागिना हा नुसता हौसेचा मामला असता तर ठरावाची वेळच आली नसती.

आपल्या चळवळीने या प्रश्नाला आजवर दोन उत्तरं दिली. पहिलं, ही मालकीची खूण आहे, ती उतरवून ठेवा. दुसरं, हे स्त्रीधन आहे, त्यावरचा हक्क सोडू नका. सर्वोच्च न्यायालयाने १९८५ साली प्रतिभा राणी खटल्यात सांगितलं की स्त्रीधन बाईचंच, नवऱ्याकडे ते ठेवायला दिलं असलं तरी तो त्याचा मालक होत नाही. दोन्ही उत्तरं खरी आहेत. म्हणूनच आपली ओढाताण होते. मनाने उतरवायचं असतं आणि व्यवहाराने सांभाळायचं असतं.

आज मला सांगायचं आहे ते अशा लोकांविषयी, ज्यांनी दागिना उतरवलाही नाही आणि तिजोरीतही ठेवला नाही. त्यांनी तो बोलता केला. युरोप-अमेरिकेत गेली साठ वर्षं कलावंतांचं एक वर्तुळ दागिना ही चित्रा-शिल्पासारखी कला मानून काम करतं. त्यांचा दागिना सराफाच्या पेढीवर मिळत नाही, फॅशनच्या दुकानातही नाही. तो एका व्यक्तीने विचार करून स्वतःच्या हाताने घडवलेला असतो. तो रबराचा असेल, कागदाचा असेल, केसांचा असेल. त्याचं मोल वजनकाट्यावर ठरत नाही.

सुरुवात हॉलंडपासून करू. १९६७ साली ॲमस्टरडॅमच्या स्टेडेलिक संग्रहालयात एमी फान लेर्सुम आणि त्यांचे पती खाइस बाकर यांनी आपलं काम मांडलं. दागिने होते ॲल्युमिनियमचे, खांद्यांवर पसरणाऱ्या मोठाल्या कॉलरसारखे. शेगडीच्या धुराड्याला जो पत्र्याचा नळ बसवतात त्याच्या आकाराचा हारही बाकर यांनी त्या वर्षी केला. भांड्याकुंड्यांची धातू गळ्यात घालायची, हे त्या काळच्या प्रतिष्ठित मंडळींना चमत्कारिकच वाटणार. पण त्या दोघांना हेच म्हणायचं होतं की दागिना म्हणजे नवऱ्याच्या ऐपतीची पाटी नव्हे.

पुढे १९७३ साली बाकर यांनी आणखी एक प्रयोग केला. सोन्याची बारीक तार दंडावर घट्ट आवळायची आणि मग काढून टाकायची. कातडीवर जो वळ उमटतो तो दागिना! परदेशातल्या प्रेक्षकांना ही कल्पना नवी वाटली असेल. आपल्याला वाटू नये. जड बाळ्यांनी ओघळलेल्या कानाच्या पाळ्या आपण आजीच्या चेहऱ्यावर पाहिल्या आहेत. साबण लावून, हात दाबून चढवलेल्या बांगड्यांनी सोललेली मनगटं पाहिली आहेत. फरक एवढाच की बाकर यांनी तो वळ लपवला नाही, त्यालाच पुढे केलं.

ओटो क्युन्झ्ली हे स्विस कलावंत. म्युनिकच्या कला अकादमीत त्यांनी १९९१ ते २०१४ अशी अनेक वर्षं शिकवलं. १९८० साली त्यांनी काळ्या रबराचं एक साधं कडं केलं. कड्यावर एके ठिकाणी फुगवटा आहे, कारण आत सोन्याची गोळी दडवली आहे. ती दिसत नाही. आहे यावर विश्वास ठेवायचा, नाही तर रबर झिजण्याची वाट पाहायची. कड्याचं नाव आहे 'सोनं आंधळं करतं'.

त्यांची दुसरी कृती माझ्या मनातून जात नाही. १९८५-८६ मध्ये त्यांनी लोकांकडून वापरलेल्या लग्नाच्या अंगठ्या मिळवल्या. अशा ४८ अंगठ्या एकमेकींत अडकवून त्यांनी एक साखळी केली. बस्स, एवढंच. लांबून पाहिलं तर सोन्याची साधी साखळी. जवळ गेलं की प्रत्येक कडी हे एक लग्न. कुणी विकली असेल ही अंगठी? नवरा गेल्यावर? घटस्फोट झाल्यावर? घरात पीठ नव्हतं म्हणून? साखळी काही सांगत नाही. आता ती गळ्यात घालायची कल्पना करा. सोन्याचा भाव तोच, पण आपला हात मागे येतो. दागिन्यात सोन्याखेरीज काय काय असतं, हे यापेक्षा सोप्या शब्दांत कुणी सांगितलं असेल असं मला वाटत नाही.

तुम्ही म्हणाल, ही दोन मोठी उदाहरणं पुरुषांचीच. बायकांनी काय केलं? बायकांनी तर याच्या कितीतरी आधी सुरुवात केली होती, फक्त त्याला कोणी कला म्हटलं नाही. इंग्लंडमध्ये मताच्या हक्कासाठी ज्या स्त्रिया हॉलोवेच्या तुरुंगात गेल्या त्यांना १९०९ पासून एक चांदीची पिन देण्यात येऊ लागली. तिची रचना सिल्व्हिया पँखर्स्ट यांची होती. पार्लमेंटच्या चिन्हातला जाळीचा दरवाजा आणि त्यावर कैद्यांच्या कपड्यावर असतो तसा बाण, जांभळ्या, पांढऱ्या आणि हिरव्या रंगांत. ज्या खुणेने सरकारला या बायकांना लाज आणायची होती, तीच त्यांनी छातीवर मिरवली. अमेरिकेत १९१७ साली व्हाइट हाउससमोर निदर्शनं करून तुरुंगात गेलेल्या स्त्रियांसाठी ॲलिस पॉल यांच्या संघटनेनेही अशीच पिन केली. कोठडीचं दार आणि त्याला कुलूप. हे दागिने कुणी कुणाला हुंड्यात दिले नाहीत. ते कमवावे लागत.

त्याच वाटेवरच्या आजच्या कलावंत म्हणजे अमेरिकेतल्या बाल्टिमोरच्या जॉइस स्कॉट. जन्म १९४८ चा. आई एलिझाबेथ टॅलफर्ड स्कॉट गोधड्या शिवणारी नामवंत कलावंत. घरातूनच सुईदोरा जॉइसच्या हाती आला. काचेचे मणी दोऱ्यात ओवून त्या मोठमोठे हार करतात. रंग असे की लहान मूल धावत येईल. जवळून पाहिलं की मण्यांमध्ये माणसं दिसतात, आणि त्यांच्यावर काय गुदरतंय ते दिसतं. काळ्यांवरचे अत्याचार, बलात्कार, वंशद्वेष. असा हार घालून बाई समारंभाला गेली की समोरच्याला त्याविषयी विचारावंच लागतं. २०१६ साली त्यांना मॅकआर्थर शिष्यवृत्ती मिळाली. २०२४ साली बाल्टिमोरच्या कलासंग्रहालयात त्यांच्या पन्नासहून अधिक वर्षांच्या कामाचं मोठं प्रदर्शन भरलं आणि नंतर ते सिएटलला गेलं. मणी ओवणं म्हणजे फावल्या वेळचं बायकी काम, असं म्हणणाऱ्यांनी ही बातमी मुद्दाम वाचावी.

नॉर्वेच्या नान्ना मेल्लान्ड यांनी २००६ ते २००८ या काळात एक गळ्यातलं केलं, गर्भनिरोधक साधनांचं. आपण जिला 'तांबी' म्हणतो, ती. नाव दिलं '६८७ वर्षे'. आपल्या आरोग्य शिबिरांत तांबीविषयी आपण किती दबक्या आवाजात बोलतो ते आठवा. बाईच्या पोटात वर्षानुवर्षं मुकाट्याने राहिलेली वस्तू इथे उघड गळ्यावर आली.

आपल्या देशातही हा विचार आला आहे. कोलकात्याच्या एना अहलुवालिया यांनी २०११ साली 'वेडिंग व्हाउज', म्हणजे लग्नाच्या शपथा, या नावाने दागिन्यांची मालिका केली. विषय घरातली हिंसा, आणि आकार कृपाणाचा. नवरीच्या अंगावर स्वतःच्या रक्षणाची खूण.

आता या वर्तुळाचा कारभार कसा चालतो ते थोडक्यात सांगते. म्युनिकमध्ये कारागिरीची मोठी व्यापारी जत्रा भरते. तिच्यात १९५९ पासून 'श्मुक' नावाचं खास प्रदर्शन असतं. श्मुक म्हणजे जर्मनमध्ये दागिना. मार्च महिन्यात त्या आठवड्यात शहरभर, दुकानांत, शाळांत, कुणाच्या घरातसुद्धा, छोटी-मोठी प्रदर्शनं लागतात आणि जगभरचे दागिने घडवणारे तिथे गोळा होतात. २०२० साली कोरोनामुळे ही जत्रा रद्द झाली तेव्हा अनेकांचं वर्षाचं गणित कोलमडलं, कारण याच आठवड्यावर विक्री आणि ओळखी अवलंबून असतात. ॲमस्टरडॅमची 'गॅलरी रा' १९७६ साली सुरू झाली आणि २०१९ साली बंद झाली. अमेरिकेत १९९७ साली 'आर्ट ज्वेलरी फोरम' स्थापन झाला. पॅरिसच्या आधुनिक कला संग्रहालयाने २०१७ साली 'मेदुसा' नावाचं प्रदर्शन भरवलं. त्याचा विषयच मुळी दागिने आणि त्यांच्याभोवतीचे निषेध हा होता.

आणि लिस्बन. तिथे दागिन्यांचं द्वैवार्षिक प्रदर्शन २०२१ साली प्रथम भरलं, महामारीच्या छायेत. नाव 'थंड घाम'. दुसरं भरलं २०२४ मध्ये. पोर्तुगालमधली हुकूमशाही २५ एप्रिल १९७४ ला उलथली, त्याला तेव्हा पन्नास वर्षं झाली होती. म्हणून विषय घेतला दागिने, सत्ता आणि राजकारण. त्या क्रांतीला कार्नेशन फुलांचं नाव मिळालं ते सेलेस्त काएरू या उपाहारगृहात काम करणाऱ्या बाईमुळे. तिने हातातली फुलं सैनिकांना वाटली आणि त्यांनी ती बंदुकीच्या नळीत खोवली. सोन्यावाचूनचा दागिना याहून वेगळा काय असतो?

पण मैत्रिणींनो, कौतुक करताना डोळे उघडे ठेवूया. सत्तेलाही दागिन्याची भाषा येते. अमेरिकेच्या पहिल्या स्त्री परराष्ट्रमंत्री मॅडेलिन ऑलब्राइट आधी संयुक्त राष्ट्रांत राजदूत होत्या. इराकच्या सरकारी वृत्तपत्रांनी त्यांना नागीण म्हटलं, तेव्हा त्या सापाची पिन लावून बैठकीला गेल्या. पुढे कलावंतांनी त्यांच्यासाठी खास पिना केल्या आणि १९९८ मध्ये त्यांचं प्रदर्शन झालं. बाईची हजरजबाबी हुशारी म्हणून आपल्याला गंमत वाटते. पण त्याच काळात निर्बंधांखाली इराकी आयांना मुलांसाठी औषधं मिळत नव्हती, हेही विसरता येत नाही. पिन बोलते हे खरं, ती कोणाच्या बाजूने बोलते तेही पाहावं लागतं.

दुसरी गोष्ट, हे दागिने स्वस्त नाहीत. रबराचं कडं असलं तरी गॅलरीत गेलं की त्याची किंमत कष्टकरी बाईच्या आवाक्याबाहेर जाते. सोनं नाकारलं म्हणून बाजार सुटला असं होत नाही. यावर काहीजणींनी शोधलेली एक वाट मला आवडली. अमेरिकेत २००७ पासून 'रॅडिकल ज्वेलरी मेकओव्हर' हा उपक्रम चालतो. लोक घरात पडून राहिलेले दागिने देतात, विद्यार्थी आणि कलावंत ते मोडून नवे घडवतात, आणि ज्यांनी जुने दिले त्यांना नव्यावर सवलत मिळते. नवी धातू जमिनीतून काढायला नको, हा त्यामागचा विचार आहे.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. 'सोनं आंधळं करतं' असं म्हणणं ज्याच्या नावावर घर आहे, ज्याला पेन्शन आहे, त्याला परवडतं. आपल्याकडे जिच्या नावावर ना शेत ना घर, तिच्या पाटल्या हीच तिची बँक. मुलाच्या फीला, आजारपणाला, प्रसंगी नवऱ्याचं घर सोडायला तेच सोनं उपयोगी पडतं. तिला आपण आंधळी म्हणायचं का? मुळीच नाही. तिला डोळे आहेत, दुसरी मालमत्ता नाही. म्हणून सोनं टाका असं सांगायला मी आलेली नाही. बाईच्या नावावर घर आणि जमीन झाल्याशिवाय ते सांगण्याचा अधिकार कोणालाच नाही.

मग या लोकांकडून घ्यायचं काय? घ्यायची ती प्रश्न विचारण्याची रीत. अंगावरच्या प्रत्येक वस्तूला तीन प्रश्न विचारायचे. ही माझ्या अंगावर कोणी घातली? मला ती माझ्या मनाने काढता येते का? आणि ती विकली तर पैसे कोणाच्या हातात पडतात? तिन्ही उत्तरं 'मी', 'हो' आणि 'माझ्या' अशी आली तर खुशाल घाला, मंगळसूत्र असो की मण्यांची माळ. नवरा असो वा नसो.

यासाठी एक साधी सूचना करते. येत्या ८ मार्चला प्रत्येक गटाने आपापल्या वस्तीत छोटं प्रदर्शन भरवावं. गॅलरी नको, समाजमंदिराची भिंत आणि एक सतरंजी पुरे. प्रत्येकीने एक दागिना आणायचा आणि त्याखाली पोस्टकार्डावर त्याची हकीकत लिहायची. जिला लिहिता येत नाही तिची दुसरीने लिहून घ्यायची. खोटा असला तरी चालेल. सावकाराकडे गहाण पडला असेल तर त्याची पावती लावायची. सासरच्यांनी ठेवून घेतला असेल तर जागा मोकळी सोडून नुसतं पोस्टकार्ड लावायचं. आणि ज्या मोकळ्या जागा दिसतील, त्यांची यादी करून आपल्या कायदा सल्ला केंद्रात द्यायची, म्हणजे स्त्रीधन परत मिळवण्याचे अर्ज दुसऱ्याच दिवशी करता येतील.

कोणकोणत्या गटांना हे जमेल, ते आता चर्चेत सांगा.